बालवाडीत मुलांचे लक्ष कशाने टिकते? नव्या ताईंसाठी पायरीवार मार्गदर्शक

नव्याने अंगणवाडी किंवा बालवाडी हाती घेतलेल्या ताईंकडून पहिल्याच महिन्यात हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘मुले लक्षच देत नाहीत’. सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातल्या एका गावात मी गेली एकोणीस वर्षे तीन ते सहा वयाच्या मुलांबरोबर काम करते आहे आणि पहिली चार वर्षे माझ्याही तोंडी हेच वाक्य होते. पुढे नोंदी ठेवायला लागल्यावर कळले की दहा वाजता चुळबूळ करणारे मूल साडेदहा वाजता भान हरपून बसलेले असते, आणि त्या अर्ध्या तासात मूल तेच राहिलेले असते, बदललेली असते ती आपली शिकवण्याची रीत. ही रीत कशी तपासायची आणि कशी बदलायची, हे ज्या क्रमाने करावे असे मला आज वाटते, त्याच क्रमाने खाली लिहिले आहे.

आधी जमवायचे साहित्य

यातले बहुतेक सामान घरात किंवा गावात मिळते.

- दोनशे पानी वही, पेन आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ
- प्रत्येक मुलाचे माता-बाल संरक्षण कार्ड, वजन-उंचीच्या नोंदी आणि हजेरीपट
- अंगणवाडीसाठीच्या ‘आकार’ या अभ्यासक्रमाच्या पुस्तिका, केंद्रात असतील त्या
- चार ताटे, चार लहान सतरंज्या, करवंट्या, रिकाम्या बाटल्या, दोन बादल्या, काळी माती
- वर्गीकरणासाठी मोठे खडे, मोठी बटणे, काड्या, नारळाच्या शेंड्या
- भिंत झाकायला एक जुनी, नक्षी नसलेली साडी किंवा चादर

चिंचोके, हरभरे आणि मणी यांच्याबाबत मात्र फार सावध राहा. माझ्या वर्गात एका मुलीने चिंचोका नाकात घातला होता आणि तो काढायला तिला दवाखान्यात न्यावे लागले होते. तेव्हापासून मुलाच्या मुठीत सहज मावत नाही एवढीच वस्तू मी खाली ठेवते.

१. पहिला आठवडा नोंदींसाठी राखून ठेवा

पहिले पाच दिवस काहीही बदलू नका. रोज तीन मुले निवडा आणि वीस मिनिटे, दर दोन मिनिटांनी, एकेका मुलाकडे फक्त एक नजर टाका. डोळे आणि हात समोरच्या कामावर असतील तर वहीत ‘क’ लिहा, तुमच्याकडे असतील तर ‘त’, आणि दुसरीकडे कुठे असतील तर ‘दु’. एका मुलाच्या दहा खुणा होतात. हीच नोंद त्याच मुलाची दोन वेगवेगळ्या वेळी घ्या: एकदा सगळी मुले एकत्र बसलेली असताना आणि एकदा मुले आपापल्या निवडीचे काम करीत असताना. नोंद घेताना मदतनीस ताईंना वर्गाकडे पाहायला सांगा, कारण एका हाताने रडणारे मूल सावरत दुसऱ्या हाताने लिहिलेली खूण विश्वासाची नसते.

या नोंदींनी माझे डोळे कसे उघडले ते सांगते. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्याकडे येतात. एका नोव्हेंबरात त्यांच्यातला साडेचार वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे येऊ लागला. सर्वांनी मिळून अंक म्हणायच्या वेळी त्याच्या दहा खुणांपैकी आठ ‘दु’ होत्या, आणि हा मुलगा शिकण्यासारखा नाही असे मी मनात जवळजवळ ठरवूनच टाकले होते. दुसऱ्या दिवशी तो पाण्याच्या बादलीपाशी बसला होता. अर्ध्या लिटरची बाटली त्याला करवंटीने भरायची होती. करवंटीच्या गोल कडेवरून पाणी पसरून बाहेर सांडत होते. बऱ्याच वेळा सांडल्यावर त्याने करवंटी फिरवून पाहिली, तिच्या कडेला एके ठिकाणी टवका उडालेला होता, तो टवका त्याने बरोबर बाटलीच्या तोंडावर आणला आणि धार सरळ आत गेली. मग बाटली भरायची, ओतायची, पुन्हा भरायची. त्या वीस मिनिटांत दहाच्या दहा ‘क’ झाल्या. शेजारून ट्रॅक्टर गेला तेव्हाही त्याने मान वर केली नाही.

नवख्या ताई येथे एक चूक करतात. शांत बसलेले मूल म्हणजे लक्ष देणारे मूल असे समजून त्या ‘त’ लिहून मोकळ्या होतात. डोळे तुमच्याकडे असले तरी मधूनच एखादा साधा प्रश्न विचारून पाहा. हाताची घडी घालून, ओठांवर बोट ठेवून बसलेली कितीतरी मुले मनाने घरी पोचलेली असतात.

२. मिनिटांच्या गणितावर विसंबू नका

‘वयाला अमुक मिनिटांनी गुणा, तेवढा वेळ लक्ष टिकते’ असे प्रशिक्षणात आणि बाहेरही ऐकायला मिळते. वय वाढते तसे लक्ष टिकण्याचा काळ वाढतो हे खरे असले तरी कोणत्या कामात लक्ष द्यायचे आहे हे त्या गणितात धरलेलेच नसते. आवाज झाला, रंग चमकला की लक्ष आपोआप तिकडे ओढले जाते आणि ही क्षमता तान्ह्या बाळातही असते. स्वतः ठरवून एखाद्या गोष्टीवर लक्ष धरून ठेवणे आणि मध्येच आलेला मोह आवरणे ही क्षमता मात्र तीन ते सहा या वयात वेगाने घडत असते. टाळ्या, घंटा आणि मोठा आवाज पहिल्या प्रकारचे लक्ष मिळवून देतात. आपल्याला घडवायचे आहे ते दुसरे.

३. भिंत आणि बसण्याची दिशा बदला

सर्वांत स्वस्त आणि एका दिवसात होणारा बदल हाच, म्हणून तो आधी करा. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी बालवर्गातील २४ मुलांना काही पाठ भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही पाठ मोकळ्या भिंतींच्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत मुलांचा ३८.६ टक्के वेळ पाठाबाहेर गेला, मोकळ्या खोलीत २८.४ टक्के. पाठानंतरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे सजवलेल्या खोलीत ४२ टक्के आणि मोकळ्या खोलीत ५५ टक्के आली. अभ्यास लहान होता आणि खोली प्रयोगासाठी मुद्दाम तयार केलेली होती, त्यामुळे त्यावरून सगळी चित्रे उतरवून टाकण्याचे कारण नाही.

आपल्या केंद्रांच्या भिंतींवर मुळाक्षरे, फळे, प्राणी, वाहने आधीच तैलरंगाने रंगवलेली असतात आणि ती पुसता येत नाहीत. तेव्हा मुलांची बसण्याची दिशा फिरवा. ज्या भिंतीवर सर्वांत कमी चित्रे आहेत तिच्याकडे मुलांची तोंडे हवीत आणि तुम्ही त्या भिंतीपुढे बसावे. तशी भिंत नसेल तर गोष्टीच्या वेळेपुरती तुमच्या पाठीमागे ती साधी साडी टांगा. मुलांनी स्वतः काढलेली चित्रे बाजूच्या भिंतीवर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा आणि दर पंधरवड्याला बदला. दरवाजा मुलांच्या समोर येऊ देऊ नका, कारण गावातल्या केंद्राच्या दारात दिवसभर कोणी ना कोणी येऊन उभे राहते.

४. शिकवण्याची रीत एकेक करून तपासा

या पायरीला घाई करू नका. एका वेळी एकच बदल, तोही किमान दोन आठवडे, आणि प्रत्येक वेळी पहिल्या पायरीतल्या खुणा पुन्हा नोंदवायच्या.

एका सुरात म्हणवून घेणे. आपण सांगायचे आणि वीस-बावीस मुलांनी मागून म्हणायचे, ही सर्वांत रुळलेली रीत. तिच्यात मुलाला काहीच ठरवायचे नसते, चूक झाली तरी ती कोणाच्या कानावर पडत नाही आणि सूर एकदा पाठ झाला की मन मोकळे होते. माझ्या वहीत सर्वाधिक ‘दु’ याच वेळच्या आहेत. बडबडगीत आणि प्रार्थना यांसाठी ती चांगली आहे, कारण तेथे सूर हाच विषय असतो. नवीन शब्द किंवा नवी कल्पना सांगायची असेल तेव्हा पाच-सहा मुलांचा गट घ्या, थोडक्यात स्पष्ट सांगा आणि प्रत्येकाकडून काहीतरी करून घ्या. थेट सांगून शिकवणे वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. मोठ्या गटात लांबवलेले सांगणे मात्र वाया जाते.

साधन हाती देणे. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले. तेथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातील नळकांडी काढून पुन्हा आपापल्या खाचेत बसवत होती. इतर मुले भोवती गात असताना आणि तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले असतानाही तिने तेच काम चाळीसहून अधिक वेळा केले, अशी नोंद त्यांनी करून ठेवली आहे. आपल्याकडे हा विचार गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला सुरू केलेल्या बालमंदिरातून रुजला आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला, तो गरीब मुलांच्या अंगणात नेला. महागड्या साधनांच्या जागी माती, पाने, शंख-शिंपले, बिया चालतात हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. माझ्या मते नव्या ताईंनी या कामातून उचलण्याची गोष्ट अशी, की साधनात चूक मुलाला स्वतःलाच दिसली पाहिजे. नळकांडे चुकीच्या खाचेत बसत नाही, टवका बाटलीच्या तोंडावर नसला की पाणी सांडते. ताईने ‘चुकले’ म्हणायची गरज उरत नाही आणि म्हणूनच मूल पुन्हा पुन्हा करते.

साधन मांडताना एका ताटात एकच काम ठेवा. सगळी खेळणी एका टोपल्यात भरून मध्ये ओतली की मुले एक उचलतात, दुसरे टाकतात, आणि दहा मिनिटांत ताईंना वाटते की यांचे कशातच लक्ष नाही. मूल रमलेले असताना ‘शाब्बास, किती छान!’ असे म्हणण्याचा मोहही आवरा. त्या क्षणी त्याचे डोळे कामावरून उठून तुमच्याकडे येतात, आणि पुष्कळदा ते परत जात नाहीत. कौतुक काम संपल्यावर करा.

भूमिकेचा खेळ. भातुकली, दुकान, दवाखाना, एसटी यांना आपण मधल्या वेळचा विरंगुळा समजतो. सोव्हिएत रशियात १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या मानुइलेंको यांच्या प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांना नुसते ‘हलू नका’ असे सांगितल्यावर ती जेवढा वेळ स्थिर उभी राहिली, त्यापेक्षा पहारेकऱ्याची भूमिका दिल्यावर कितीतरी अधिक वेळ उभी राहिली. भूमिकेला नियम असतो आणि तो नियम मूल आपण होऊन पाळते, म्हणून खेळात त्याचा स्वतःवरचा ताबा एरवीपेक्षा वरचा असतो. आमच्याकडे बाजाराचा खेळ चालतो. हळदीच्या वखारीतला तोलारी झालेला मुलगा, एरवी दोन मिनिटे न बसणारा, तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून पाहतो. या खेळांवर बेतलेल्या ‘टूल्स ऑफ द माइंड’ या अमेरिकी अभ्यासक्रमाचा २००७ मधील एका अभ्यासात स्पष्ट फायदा दिसला होता, परंतु नंतरच्या काही मोठ्या अभ्यासांत तसा दिसला नाही. यावरून मी एवढेच घेते की कोणत्याही पद्धतीचे नाव पाहून भरवसा ठेवू नये, आपल्या वहीतल्या खुणा पाहाव्यात.

ठरव, कर, सांग. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील इप्सिलँटी येथे डेव्हिड वायकार्ट यांनी १९६२ पासून चालवलेल्या बालवाडीच्या कामातून ही रीत पुढे आली. कामाच्या वेळेआधी प्रत्येक मुलाने आज काय करणार ते सांगायचे, मग ते करायचे आणि शेवटी काय केले ते सांगायचे. मला सर्वांत जास्त उपयोग हिचाच झाला. ‘मी मातीचा बैल करणार’ असे तोंडाने म्हटलेले मूल मध्येच उठले, तरी ‘तुझ्या बैलाला शिंगे झाली का?’ एवढे विचारले की ते परत जाऊन बसते. बेंदराच्या आधीच्या आठवड्यात हा प्रयोग करून पाहा, कारण त्या दिवसांत घराघरांत बैलांचीच चर्चा असते आणि काळ्या मातीला मुलांचे हात आपसूक जातात.

५. गोष्ट अशी सांगा की मुलांनाही तीत काम असेल

गोष्ट लहान गटात, खाली बसून, मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवरून सांगा. ‘कळले का?’ हा प्रश्न टाळा, त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘आता ती कुठे लपेल?’, ‘तुझ्या घरी पाऊस आल्यावर काय करतात?’ असे प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी मनात पाचपर्यंत मोजा. मुलाने एक शब्द उच्चारला तर त्या शब्दाला आणखी दोन शब्द जोडून तो मुलाला परत द्या. तो ‘कुत्रं’ म्हणाला, तर ‘हो, ओलं झालेलं कुत्रं’. तीच गोष्ट आठवडाभर सांगायला संकोच करू नका. चौथ्या दिवशी मुले पुढचे वाक्य तुमच्या आधी म्हणू लागतात, आणि पुढे काय येणार हे ठाऊक असताना त्याची वाट पाहणे हा लक्षाचा फार चांगला सराव आहे.

६. थांबण्याचे खेळ रोज खेळा

‘शिवाजी म्हणतो’, ‘स्टॅच्यू’, टाळी थांबली की पाय थांबवणे, ‘डोके म्हटले की पाय धरा आणि पाय म्हटले की डोके’ असे उलटे नियम: या खेळांत मुलाला ऐकावे लागते, नियम ध्यानात ठेवावा लागतो आणि सवयीने उसळणारी हालचाल आवरावी लागते. रोजची आठ-दहा मिनिटे पुरतात. मात्र चुकलेल्या मुलाला ‘बाद’ करू नका. ज्याला थांबता येत नाही ते मूल पहिल्याच फेरीत बाद होते आणि ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे तेच भिंतीला टेकून बसते.

७. वाट पाहण्याचा वेळ कापा

एका दिवशी फक्त ‘मुले काही न करता थांबली आहेत’ एवढ्याच मिनिटांची बेरीज करा. हात धुण्याची रांग, पाट्या वाटणे, खिचडी येण्याची वाट. आमची बेरीज पहिल्या वेळी सत्तेचाळीस मिनिटे आली होती. चार-चार मुलांना हात धुवायला पाठवा आणि बाकीच्यांचे काम चालू ठेवा. निवडीच्या कामाला सलग पाऊण तास तरी द्या, कारण मूल रमायलाच पहिली दहा मिनिटे घेते. काम बदलण्याच्या पाच मिनिटे आधी सूचना द्या. खिचडीचा वास सुटल्यानंतर कोणतीही नवी गोष्ट शिकवू नका.

८. पालकांशी बोला

‘बाई, आमचं पोरगं अजून एक अक्षर लिहीत न्हाई, शेजारचं पोरगं तर समदी बाराखडी काढतंय.’ हे तुम्हाला ऐकावे लागेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ आणि कृती यांतून शिकण्यावर भर दिला आहे, हे सांगा, पण सांगण्याने समाधान होत नाही. आईला किंवा आजीला अर्धा तास वर्गात बसवून घ्या आणि तुमच्या वहीतल्या तिच्या मुलाच्या खुणा दाखवा.

मोबाईलविषयी बोलताना दोष देऊ नका. शेतातून आलेली आई भाकरी करताना मुलाच्या हाती फोन देते, कारण त्या वेळी चुलीपाशी दुसरे कोणी नसते. तिला दोन गोष्टी शांतपणे सांगा. २०११ मधील एका अमेरिकी अभ्यासात चार वर्षांच्या ६० मुलांपैकी ज्यांनी फक्त नऊ मिनिटे वेगवान काल्पनिक कार्टून पाहिले, ती मुले लगेच नंतर दिलेल्या लक्ष आणि संयमाच्या कामांत चित्रे काढत बसलेल्या मुलांपेक्षा मागे पडली. हा तात्काळ परिणाम होता, म्हणून निदान अंगणवाडीत येण्याआधी फोन नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा अधिक पडदा नको आणि १० ते १३ तास झोप हवी, असे सुचवले आहे. मग पर्याय द्या: पिठाचा एक गोळा आणि छोटे लाटणे.

९. शिकवण्याची रीत बदलूनही खुणा बदलल्या नाहीत तर

सहा आठवड्यांनंतरही एखाद्या मुलाच्या खुणा सगळ्या प्रकारच्या कामांत तशाच राहिल्या, तर आधी शरीराकडे पाहा. कान वाहतो का, पाठीमागून हळू हाक मारल्यावर ते वळते का, चित्र फार जवळ धरते का, उपाशी येते का, रात्री पुरेसे झोपते का, वजन घटले आहे का. ऐकू कमी येणारे मूल वर्षभर ‘दुर्लक्ष करणारे’ म्हणून ओळखले जाऊ शकते. रक्तातील लोहाची कमतरताही लक्षावर परिणाम करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासते. त्या दिवशी माता-बाल संरक्षण कार्डाबरोबर तुमच्या नोंदींचे पानही डॉक्टरांपुढे ठेवा आणि मूल गैरहजर राहणार नाही हे आदल्या दिवशी घरी जाऊन पाहा. अतिचंचलतेचे निदान करणे हे तज्ज्ञ डॉक्टरांचे काम आहे. तो शब्द तुमच्या तोंडून पालकांपर्यंत कधीही जाऊ देऊ नका, कारण गावात तो मुलाला आयुष्यभर चिकटतो.

१०. जाणाऱ्या मुलाबरोबर चिठ्ठी द्या

सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यातील ताईंना ही पायरी विशेष लागू आहे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गळीत हंगाम संपला, की टोळ्या एका रात्रीत निघून जातात, म्हणून फेब्रुवारीतच चिठ्ठ्या तयार ठेवा. एका कागदावर मुलाचे नाव, वय, लसीकरणाची स्थिती आणि शेवटचे वजन लिहा. खाली तीन ओळी: ते कोणत्या कामात रमते, कोणत्या वेळी चुळबूळ करते, आणि त्याला परत कामाकडे कसे वळवता येते. बाटली भरणाऱ्या त्या मुलाच्या चिठ्ठीत मी लिहिले होते: ‘पाणी, माती व ओतण्याचे काम दिल्यास वीस मिनिटांहून अधिक बसतो. मोठ्या गटात मागच्या रांगेत बसवू नये. मधेच उठल्यास रागावू नये, काय करीत होता ते विचारावे.’ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या आईला दिला आणि गावी गेल्यावर तिथल्या ताईंकडे द्यायला सांगितले. तिला वाचता येत नव्हते, म्हणून तिन्ही ओळी मी तिला दोनदा वाचून दाखवल्या आणि तिने त्या मला म्हणून दाखवल्या.